उबेनं थिजणारं पाणी

बसा.

पाठ टेकवायची तर टेकवा. खिडकी उघडी असेल तर राहू द्या. बाहेरचे आवाज बाहेर चालू राहोत.

उजवा हात मांडीवर ठेवा. तळहात वर. बोटं सैल.

या तळहातावर आपण एक बाटली ठेवणार आहोत. मनातच ठेवायची आहे, त्यामुळे घाई नाही.

बाटली लहान आहे. दवाखान्यात इंजेक्शनच्या औषधाची असते तेवढी. काचेची. आत्ताच फ्रिजमधून काढलेली.

तिचा गारवा तळहाताला लागू द्या.

काचेवर दव धरतं आहे. अगदी बारीक. बोट फिरवलं तर रेघ उमटेल इतकंच. फिरवू नका. नुसतं पाहा.

एक श्वास.

बाटली काठोकाठ भरलेली आहे. आत पाण्यासारखंच काहीतरी आहे. स्वच्छ, बिनरंगी. पलीकडची बोटं त्यातून दिसतात, थोडी वाकडी, थोडी मोठी.

आणि वर, बुचापाशी, एक बुडबुडा राहून गेला आहे. मुगाएवढा.

या बुडबुड्यापाशी थांबा.

बाटली जराशी कलती करा. बुडबुडा सरकतो. दुसरीकडे कलती करा. तो तिकडे जातो. गवंड्याच्या पाणसळीत असतो ना, तसा. जी बाजू वर, तिकडे तो.

पुन्हा एकदा. सावकाश.

तो जातो, पोचतो, थांबतो. पुन्हा कलंडलं की पुन्हा निघतो. अडवणारं कोणी नाही.

बस्स, एवढंच पाहायचं आहे. बाकी सगळं या बुडबुड्याच्या आजूबाजूला घडणार आहे.

श्वास आत येऊ द्या. जाऊ द्या.

आता या पाण्यात काय आहे ते ऐका.

काल कोणीतरी थंडगार पाणी घेतलं आणि त्यात एक पांढरी पूड भुरभुरवली. पाण्याचे ८० भाग, पुडीचे २०. हलक्या हातानं ढवळलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दिलं. गरम पाण्यात ही पूड टाकली असती तर गुठळ्या झाल्या असत्या. ती गारव्यात विरघळते. रात्रभर, कोणी न बघता.

तिचं नाव पोलोक्झॅमर ४०७. प्रयोगशाळांत तिला एफ-१२७ म्हणतात. नाव रुक्ष आहे, त्याला इलाज नाही. तुमच्या घरातही ती असू शकेल. चूळ भरायच्या काही औषधी द्रवांच्या बाटल्यांवर, बारीक अक्षरांच्या यादीत, हे नाव असतं. तिथं ती सुगंधी तेलं पाण्यात धरून ठेवायचं काम करते.

नाव सोडून द्या आता.

बुडबुडा पाहा. तो अजून मोकळा आहे.

आता थोडं आत जाऊ.

डोळे मिटावेसे वाटले तर मिटा.

बुडबुड्याच्या कडेनं पाण्यात उतरा. आणखी आत. इतकं आत, की केस घराएवढा जाड वाटावा. त्याच्याही आत.

तिथं साखळ्या आहेत.

एक साखळी पाहू. एकच.

ती माळेसारखी आहे. मणी ओवलेली, लांब, सैल. ताणलेली नाही. पाण्यात सोडलेल्या दोऱ्यासारखी गुंतत, उलगडत, वळत राहिलेली. तिच्यात मधे सुमारे ६५ मणी एका जातीचे. दोन्ही टोकांना सुमारे शंभर-शंभर मणी दुसऱ्या जातीचे.

टोकांकडचा मणी असा: दोन कार्बन, चार हायड्रोजन, एक ऑक्सिजन.

मधला मणीही तसाच. फक्त एका हायड्रोजनच्या जागी एक छोटा गठ्ठा बसला आहे. एक कार्बन, तीन हायड्रोजन. रसायनात त्याला मेथिल म्हणतात.

फरक एवढाच.

या एवढ्याशा फरकाकडे जरा वेळ पाहा. साखळीच्या टोकांना पाणी आवडतं आणि मधल्या भागाला ते नकोसं होतं, याचं कारण हा गठ्ठा. मणी तोच. कडेला एक पाकळी जास्त.

अशा मण्यांच्या साखळीला पॉलिमर म्हणतात. मराठी परिभाषेत त्याला बहुवारिक असा शब्द आहे. मला तो आवडतो. तीच गोष्ट अनेक वार केलेली. मणी, मणी, मणी, मणी.

हवं तर श्वासाबरोबर म्हणा. मणी. मणी.

मग थांबा.

आता साखळीकडून नजर काढा आणि पाण्याकडे वळवा.

आपण बहुतेक वेळा पाण्याला पार्श्वभूमी समजतो. पाण्यात काय आहे ते पाहतो. पाणी पाहायचं राहून जातं.

आज पाणी पाहू.

पाण्याचा एक रेणू. त्याला दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. तो शेजारच्याचा हात धरतो. एकाच वेळी चौघांपर्यंत. धरतो आणि सोडतो. एक पकड साधारण एका सेकंदाचा लाख कोटीवा भाग टिकते. मग दुसरा शेजारी. मग आणखी कोणी.

धरणं, सोडणं. धरणं, सोडणं.

तुमच्या तळहातावरच्या बाटलीत हे आत्ता चालू आहे. तुम्ही श्वास घेता तेवढ्यात कितीदा झालं, याचा हिशोब करू नका. हिशोबानं हे लांब जातं.

फक्त एवढं जाणवू द्या की स्थिर दिसणारं पाणी आत कधीच स्थिर नसतं.

शांतपणे पाहा.

साखळीच्या टोकांपाशी पाणी येतं. तिथल्या ऑक्सिजनला धरतं, सोडतं, पुन्हा धरतं. तिथं त्याचं नेहमीचं चालू राहतं.

मधल्या भागापाशीही ते येतं. पण तिथं मेथिल आहे. मेथिलला धरता येत नाही. त्याला हातच नाही.

मग पाणी काय करतं?

ते वळतं. मेथिलकडे पाठ करून आपल्यासारख्यांना धरतं. मेथिलभोवती पाण्याचं एक कुंपण तयार होतं. कुंपणातले रेणूही हलतात, पण त्यांना दिशा मोजक्याच उरतात. इकडे वळता येतं, तिकडे नाही. गर्दीच्या लोकलमध्ये दारापाशी उभ्या माणसासारखं. तोही उभाच आहे, त्याला कोणी बांधलेलं नाही, पण हात कुठं न्यावा हे त्याच्या मनावर नाही.

गारव्यात पाणी हे सोसतं.

आपली बाटली अजून गार आहे. साखळ्या सुट्या आहेत. प्रत्येक साखळी एकटी, आपल्या कुंपणात. बुडबुडा मोकळा.

इथं थोडं राहू.

खांदे सैल सोडा.

काही करायचं नाही.

आता तळहात.

तुमच्या लक्षात आलं नसेल, पण इतका वेळ तुम्ही काहीतरी देत आहात. तळहातातून ऊब जाते आहे. काचेतून आत. तुम्ही ठरवलेलं नाही. पोटातल्या जेवणातून, रक्तातून, त्वचेतून ती आपोआप येते आणि पुढं जाते.

काचेवरचं दव पाहा. बोटांपाशी ते विरळ होत चाललं आहे.

ती ऊब आत पोचते.

सावकाश.

पाण्याच्या रेणूंची हालचाल वाढते. थोडीशीच. आणि जे कुंपण गारव्यात चालून जात होतं, ते आता पाण्याला जड वाटायला लागतं.

एक साखळी मधल्या भागानं दुसऱ्या साखळीच्या मधल्या भागाला टेकते. योगायोगानं. पाण्यात सगळं सारखं धडकतच असतं. पण या वेळी टेकली ती तिथंच राहते. दोघींच्या मधलं पाणी निसटलं आहे.

मग तिसरी टेकते.

मग आणखी.

प्रत्येक वेळी काही पाणी सुटतं. कुंपणातून बाहेर पडतं. आपल्या माणसांत जातं. धरणं, सोडणं, चारी दिशांना.

हे सुटणं पाहा. इथंच थांबा, कितीही वेळ.

साखळ्या जुळताना दिसतात, म्हणून डोळा साखळ्यांकडे जातो. त्याला जाऊ द्या, आणि मग हलकेच परत पाण्याकडे आणा.

सुटणाऱ्या पाण्याकडे.

या घडण्याला शास्त्रात स्वयंजुळणी म्हणतात. मला हा शब्द अर्धाच पटतो. साखळ्या स्वतःहून जुळतात असं त्यातून वाटतं, जणू त्यांना एकमेकींची ओढ आहे. तशी ओढ इथं फारशी नाही. जुळवायला तर ऊब खर्ची पडते. तुमच्या तळहाताची ऊब बाटली नुसती साठवत नाही, या जुळणीत वापरते. मग हे घडतं का? कारण पाणी मोकळं होतं. आणि पाण्यालाही काही हवं आहे असं नाही. मोकळं असण्याच्या तऱ्हा असंख्य आहेत, बांधलेलं असण्याच्या थोड्या. जिथं तऱ्हा अधिक, तिकडे गोष्टी वाहत जातात.

अर्थात हे सगळं बोलणं झालं. आपण पाहायला बसलो आहोत.

पाहा.

काही डझन साखळ्या एकत्र आल्या आहेत. त्यांचे मधले भाग आत वळले आहेत. टोकं बाहेर राहिली आहेत, पाण्यात.

एक गोळा तयार झाला आहे.

हा मायसेल.

त्याच्याभोवती फिरून पाहू. सावकाश, प्रदक्षिणा घालावी तसं.

बाहेरून तो केसाळ आहे. साखळ्यांची टोकं पाण्यात लहरतात. कणसाच्या रेशमासारखी. त्यांच्यात पाणी शिरतं, फिरतं, बाहेर येतं. या बाहेरच्या भागात साखळीपेक्षा पाणीच जास्त आहे.

हात लावल्यासारखं करा. बोट कुठं गोळ्याला लागलं आणि कुठवर नुसतं पाणी होतं, सांगता येणार नाही. त्याला कड नाही.

आत जा.

रेशमामधून आत. पाणी कमी होत जातं. आवाज कमी व्हावा तसं.

मग गाभा.

इथं साखळ्यांचे मधले भाग एकमेकांत मिसळून पडले आहेत. कोणाचा कुठला, कळत नाही. गाभा घट्ट नाही, तेलासारखा आहे. पूर्ण कोरडाही नाही. थोडं पाणी अजून इथं चुकून राहिलेलं असतं.

या गाभ्यात जरा बसा.

चहूकडून रेशीम. त्यापलीकडे पाणी. पाण्यापलीकडे काच. काचेपलीकडे तुमचा तळहात.

एक श्वास इथं घ्या.

किती मोठा आहे हा गोळा? रेशमासकट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २० ते २५ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तुमच्या एका केसाच्या जाडीत असे काही हजार गोळे ओळीनं बसतील.

म्हणून तर बाटली अजून स्वच्छ दिसते. आपल्याला दिसणाऱ्या उजेडाच्या लाटा ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या. हे गोळे त्यांच्यापुढं इतके लहान, की उजेड जवळजवळ न अडखळता पार जातो.

एवढं सगळं घडलं आहे, आणि बाटलीकडे पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

पलीकडची बोटं अजून तशीच. थोडी वाकडी, थोडी मोठी.

गोळ्याकडे परत या.

तो शांत दिसतो. पण एखादी साखळी हळूच बाहेर निघते. एकटी पाण्यात जाते. क्षणभर फिरते. मग याच नाहीतर दुसऱ्या गोळ्यात शिरते. तिच्या जागी दुसरी आलेली असते.

गोळा तोच राहतो. साखळ्या बदलतात.

वाड्यासारखं. माणसं येतात, जातात. पत्ता तोच.

सगळेच मायसेल असे नसतात. पॉलिस्टायरीन नावाचा पॉलिमर गाभ्यात असेल तर तो साध्या तापमानाला काचेसारखा कडक असतो. थर्माकोल त्याच पॉलिमरचा. तिथं एकदा आत गेलेली साखळी सहसा बाहेर येत नाही. अभ्यासक त्यांना गोठलेले मायसेल म्हणतात. माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात आदी आयझेनबर्ग यांनी १९९५ च्या सुमारास असे मायसेल पुष्कळ पाहिले. गाभा मोठा, बाहेरचे केस अगदी आखूड. त्यांना नावही पडलं बारीक कापलेल्या केसांवरून. त्यातले काही गोल, काही काठीसारखे, काही पोकळ पिशवीसारखे.

आपला गोळा तसा नाही. आपल्या गोळ्याची दारं उघडी आहेत.

त्याच्यापाशीच राहू.

एक आठवण मधे येते. येऊ द्या, मग जाऊ द्या.

मायसेल हा शब्द लॅटिनमधून आला. मूळ अर्थ कण, भाकरीचा चुरा. साबणाच्या पाण्यात रेणू आपणहून असे पुंजके करतात, हे १९१३ मध्ये जेम्स विल्यम मॅकबेन यांनी मांडलं. त्यांना तेव्हा भर सभेत उडवून लावलं होतं, असं रसायनाच्या वर्गांत अजून सांगतात. तेच मॅकबेन पुढं उतारवयात पुण्याला आले. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली, ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं, आणि तिचे पहिले संचालक हे मॅकबेन.

त्या रस्त्यावरून मी अनेकदा गेलो आहे. फाटक, झाडं, आतली दगडी शांतता. साबणाचं पाणी पाहत आयुष्य घालवलेला एक म्हातारा इथं सकाळी येत असेल, हे मला फार उशिरा कळलं.

आठवण गेली.

बाटली तळहातावर आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

तळहाताला आता गारवा लागतो का? पाहा. बहुतेक नाही. बाटली आणि तळहात जवळजवळ सारखे झाले आहेत. कुठं हात संपतो आणि कुठं काच सुरू होते, हे डोळे मिटून सांगायला जरा कठीण.

बुडबुड्याकडे पाहू.

बाटली हलकेच कलती करा.

तो निघतो. पण मघासारखा नाही. त्याला वेळ लागतो. मधापेक्षाही सावकाश सरकतो.

पुन्हा कलती करा, दुसरीकडे.

थोडा हलतो.

थांबा. हात स्थिर ठेवा. ऊब जात राहू दे.

आत काय होतं आहे ते ऐकू या.

गोळे वाढले आहेत. सुट्या साखळ्या संपत आल्या. गोळ्यांशेजारी गोळे, त्यांच्याशेजारी आणखी गोळे. एकाचं रेशीम दुसऱ्याच्या रेशमाला लागतं. दाटी होते आहे.

दाटी वाढते तसा एक क्षण येतो, की कुठल्याच गोळ्याला सरकायला जागा उरत नाही.

मग ते रचले जातात.

फळवाला संध्याकाळी मोसंबी रचतो, पाहिलंय ना? खालच्या चार मोसंब्यांच्या खळग्यात वरचं एक. त्याच्यावर आणखी. तसेच हे. फक्त रचणारा कोणी नाही. दाटीतच ती रचना बसते, आणि साऱ्या बाटलीभर पसरते. क्ष-किरणांनी पाहणाऱ्यांना ती स्फटिकासारखी नेमानं मांडलेली दिसते.

प्रत्येक गोळ्यात साखळ्या अजून हलत आहेत. रेशीम लहरतं आहे. पाण्याचं धरणं-सोडणं चालूच आहे.

पण गोळ्यांनी जागा धरली आहे.

आता बाटली कलती करा.

बुडबुडा हलत नाही.

पूर्ण उलटी करा. बूच खाली, तळ वर.

बुडबुडा हलत नाही.

आता तो खाली आहे, बुचापाशी, आणि वर जात नाही. मुगाएवढी हवा, पाण्यात, खाली थांबलेली.

हे पाहा.

काही म्हणू नका. नुसतं पाहा.

प्रयोगशाळेत हीच परीक्षा असते. नळी उलटी करायची आणि वाहतं का ते पाहायचं. नाही वाहिलं, तर जमलं. इतकी साधी परीक्षा मला नेहमीच बरी वाटते. तिला यंत्र लागत नाही. मनगट लागतं, आणि थोडा धीर.

आपल्या ओळखीचं सारं याच्या उलट आहे. तूप थंडीत थिजतं, उबेनं पातळ होतं. खोबरेल तेलाची बाटली डिसेंबरात उन्हात ठेवतो, मग ते वाहतं. घट्ट म्हणजे गार आणि पातळ म्हणजे ऊन, हे हाताला लहानपणापासून ठाऊक.

इथं हातालाच नवीन काही कळतं आहे.

ऊब दिली, आणि पाणी थिजलं.

आणि थिजलं तरी ते पाणीच आहे. १०० भागांत अजून ८० भाग पाणी. एक थेंबही कुठं गेलेला नाही. कुंपणातलं पाणी मोकळं झालं, आणि सारी बाटली थांबली.

या दोन गोष्टी एकत्र धरून बसा. मोकळं झालेलं पाणी. थांबलेला बुडबुडा.

त्यांना जोडायची गरज नाही. दोन्ही मांडीवर ठेवल्यासारख्या ठेवा.

श्वास.

पुन्हा श्वास.

या थांबण्याचा माणसानं उपयोग करून घेतला आहे. तो थोडक्यात पाहून पुढं जाऊ.

१९७२ मध्ये अरविंग श्मोल्का यांनी हाच गार द्रव भाजलेल्या त्वचेसाठी सुचवला. भाजलेल्या जागेला कापूससुद्धा सोसत नाही. तिथं हा द्रव गार, पातळ असा ओतायचा. त्वचेच्या उबेनं तो जागच्या जागी घट्ट होतो. काढायचा तर थंड पाणी सोडायचं. तो वाहून जातो. सोलून काढावं लागत नाही.

आणि मायसेलच्या गाभ्यात औषधही ठेवता येतं. कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते शिरेतून द्यायचं तर एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रवात विरघळवून देत आले, आणि त्या द्रवाचाच काही रुग्णांना त्रास होई. आपल्या साखळीच्या एका बहिणीनं त्याला आपल्या गाभ्यात जागा दिली. तिच्यातला पाणी नको असणारा भाग लॅक्टिक आम्लाचा, म्हणजे दह्याला आंबट करणाऱ्या आम्लाचाच पॉलिमर. २००७ मध्ये दक्षिण कोरियात या औषधाला मान्यता मिळाली. शिरेत थेंब थेंब जाणाऱ्या पाण्यात केसाळ गोळे, आणि प्रत्येकाच्या पोटात थोडं औषध.

क्षणभर त्या खाटेपाशी उभे राहा. सलाइनची नळी, तिच्यातला थेंब. पडतो. पुढचा भरतो. पडतो.

मग परत या.

तळहात. बाटली. बुडबुडा.

तो तिथंच आहे.

हात दमला असेल तर जरा हलवा. बोटं मिटा, उघडा. बाटलीला काही होत नाही.

आता एक वाटी घेऊ. स्टीलची. तिच्यात बर्फाचे चार खडे आणि थोडं पाणी. वाटी समोर ठेवा.

बाटली उलटीच धरून त्यात उभी करा. बूच खाली, तळ वर. बुडबुडा खाली.

हात काढून घ्या.

तळहात रिकामा झाला. त्यावर बाटलीचा ठसा उमटला आहे. गोल, ओलसर. तो हवेत सुकू द्या.

आता देण्यासारखं काही उरलेलं नाही. गारवा आपला आपण आत जाईल.

काचेतून आत.

सावकाश.

बाहेरच्या कडेचे गोळे आधी सैल होतात. साखळ्या निघू लागतात. एक, मग दुसरी. गाभा उघडतो. पाणी पुन्हा मेथिलपाशी येतं, पाठ वळवतं, कुंपण धरतं. मघाशी नकोसं झालेलं पुन्हा चालून जातं.

दाटी कमी होते. रचना ढळते. कुणी पाडलेली नाही. वरच्या मोसंब्याखालचं एक मोसंबं विरघळावं, तसं.

हे दिसत नाही. ऐकूही येत नाही. पण तुम्ही वाटीशेजारी बसला आहात, एवढं पुरे.

बर्फाचा एक खडा दुसऱ्यावर सरकतो. बारीकसा आवाज होतो.

स्टीलला बाहेरून दव धरू लागलं आहे.

बुडबुड्याकडे पाहा.

तो खाली आहे.

अजून खाली आहे.

श्वास आत येऊ द्या. जाऊ द्या.

अजून.

आता त्याची वरची कड जराशी लांबट झाली का? की तसं वाटलं?

थांबा.

लांबट झाली आहे.

तो बुचापासून सुटतो. अर्धा मूग उंच. थांबतो. पुन्हा थोडा.

त्याला जाऊ द्या.